उतरलात कुठे?

वऱ्हाडात ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ राहण्याची जागा असा फारसा कधी नव्हताच. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या स्टँडसमोरचे हॉटेल म्हणजे चहा, आलुबोंडा, कचोरी आणि भिंतीवर गेल्या वर्षीचे एखादे देवाचे कॅलेंडर. ज्याला रात्र काढायची तो ‘लॉज’वर जातो, ज्याचे सोयरे गावात आहेत तो त्यांच्याकडे जातो, आणि ज्याच्यापाशी पैसाही नाही अन् सोयराही नाही त्याच्यासाठी धर्मशाळा असते, निदान असे. परगावाहून आलेल्या माणसाला आपण ‘कुठे राहिलात?’ असे क्वचितच विचारतो. ‘उतरलात कुठे?’ असे विचारतो. त्या क्रियापदात एक वाहन आहे, बैलगाडी असो की आगगाडी, आणि तिच्यातून धुळीसकट खाली आलेला एक थकलेला माणूस आहे. उत्तरात लॉजचे नाव आले, तर विचारणाऱ्याला थोडा अपमान वाटतो. ‘मग आमचं घर काय ओस पडलं होतं?’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की ते भाषेचा भाग आहे की स्वभावाचा, हे आता सांगता येणार नाही.

हे सारे आठवण्याचे कारण तसे विचित्र आहे. गेले वर्षभर आम्ही, म्हणजे मराठी शिकवून पोट भरणारे आम्ही, आलिशान हॉटेलांच्या दीर्घ मुदतीच्या योजना वाचत आहोत. अमरावतीच्या एका महाविद्यालयात भाषा शिकवणाऱ्याने असले काही का वाचावे, हा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारून झाला आहे. उत्तर सरळ आहे. आमच्याकडून पदवी घेतलेली मुले आता शाळेत कमी आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षात जास्त जातात; ती जी भाषा तिथे बोलतात तिचे व्याकरण कुठे लिहिले जाते ते पाहावे, एवढीच इच्छा होती.

ते व्याकरण योजनेत लिहिलेले असते. इंग्रजीतल्या संज्ञेला आपण ‘व्यूहात्मक नियोजन’ असा प्रतिशब्द केला आहे, आणि तो करणाऱ्याला नकळत फार नेमका साधला आहे असे आम्हांस वाटते. व्यूह हा महाभारतातला शब्द. चक्रव्यूहाची कथा ही मुळात आत कोणाला जाता येते याची कथा आहे. अभिमन्यू आत जातो आणि मागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथ दारातच अडवतो. हॉटेलाची योजना वाचताना ते दार सतत डोळ्यांपुढे येते. कारण तिथेही इमारत, स्वयंपाक, सजावट हे सगळे नंतर येते. पहिला प्रश्न असतो, पाहुणा कोण?

भारतातली या धंद्यातली सर्वांत जुनी मोठी कंपनी म्हणजे ताजमहाल हॉटेल चालवणारी टाटांची इंडियन हॉटेल्स. तिने अलीकडे आपल्या योजनांना नावे दिली आहेत. २०१८ साली ‘ॲस्पिरेशन २०२२’, २०२२ साली ‘आह्वान २०२५’, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ॲक्सिलरेट २०३०’. आकांक्षा, आवाहन, वेग. तीन शीर्षके एकाखाली एक ठेवली तर एखाद्या कवीच्या संग्रहांसारखी दिसतात, आणि दोन संग्रहांमध्ये कवीचा आवाज कसा बदलला हे आपण वर्गात जसे दाखवतो तसे येथेही दाखवता येते. ‘आह्वान’मध्ये उद्दिष्ट तीनशे हॉटेलांचे होते, ‘ॲक्सिलरेट’मध्ये ते सातशेवर गेले आणि उत्पन्न दुपटीने वाढवून पंधरा हजार कोटी रुपयांवर नेण्याचा संकल्प आला. मधल्या काळात एक कल्पना पक्की झाली, तिला ‘ॲसेट-लाइट’ म्हणतात. इमारत दुसऱ्याची, जमीन दुसऱ्याची, कर्जही दुसऱ्याचे; कंपनीने आपले नाव, आपली माणसे आणि आपली पद्धत द्यायची आणि त्याचे शुल्क घ्यायचे. मंदी आली, महामारी आली, तर रिकाम्या इमारतीचे ओझे आपल्या डोक्यावर नको. २०२० साली सारी हॉटेले बंद पडलेली ज्यांनी पाहिली, त्यांना यातला शहाणपणा समजावून सांगायला नको.

पण आम्ही अडलो ते दुसऱ्याच एका शब्दापाशी. हॉटेलवाले त्याला ‘रेव्हपार’ म्हणतात. विकल्या गेलेल्या खोलीमागे नव्हे, तर हाताशी असलेल्या प्रत्येक खोलीमागे, मग ती भरो वा न भरो, किती उत्पन्न आले याचे ते माप. हॉटेलाची खोली हा विलक्षण नाशवंत माल आहे. आज रात्री न गेलेली खोली उद्या विकता येत नाही. भाजीवाला निदान संध्याकाळी उरलेली मेथी स्वस्तात देऊन मोकळा होतो. सामान्य माणसाला म्हणून वाटते की हॉटेलवालाही तसेच करील. तो तसे करत नाही. समजा शंभर खोल्या आहेत. दहा हजार रुपये दराने साठ गेल्या तर सहा लाख आले, म्हणजे खोलीमागे सहा हजार. दर पाच हजारांवर आणून पंचाण्णव भरल्या तर पावणेपाच लाखच येतात, म्हणजे खोलीमागे पावणेपाच हजार. शिवाय पस्तीस खोल्यांच्या चादरी जास्तीच्या धुवाव्या लागतात. आणखी वाईट म्हणजे, आज पाच हजारांत झोपलेला माणूस उद्या दहा हजार द्यायला तयार होत नाही. तेव्हा चाळीस खोल्या रिकाम्या ठेवणे हे अपयश नसून धोरण असते. आलिशान हॉटेलाच्या नियोजनाचे सारे कौशल्य या एका धैर्यात आहे: रात्र डोक्यावर आलेली असताना खोली रिकामी राहू देण्याचे धैर्य.

आमचा एक विद्यार्थी मोठ्या शहरातल्या अशा एका हॉटेलात नोकरीला आहे. मूळचा दर्यापूर तालुक्यातला, घरी कोरडवाहू कापूस आणि तूर. मुलाने हौसेने वडिलांना कामाची जागा दाखवायला नेले. वरिष्ठांनी परवानगी दिली, एकाने आपणहून एक रिकामी खोलीही उघडून दाखवली. गादीवर हात न लावता, दारातच उभे राहून बापाने खोली पाहिली आणि विचारले, ‘‘इथं आज कोनी येनार नाई काय?’’ मुलगा म्हणाला, नाही, आज खाली आहे. ‘‘मंग खाली काऊन ठेवली?’’ मुलाने त्याला शिकवलेले सगळे समजावून सांगितले. बापाने ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, की कापूस घरात ठेवून भावाची वाट पाहावी तसं आहे म्हना. पन मंग कापूस झोपत नाई ना बाबू.

मुलाने ही गोष्ट आम्हांस हसत सांगितली होती. बापाच्या उपमेत अर्थशास्त्र अचूक होते हे त्याच्या ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे. भाव येईपर्यंत माल दाबून ठेवणे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला जमत नाही, कारण त्याला दिवाळीपूर्वीच पैशांची निकड असते, व्यापाऱ्याला जमते. खोली दाबून ठेवणारे हॉटेल म्हणजे ज्याला थांबणे परवडते असा व्यापारी. आणि तरीही बापाचे दुसरे वाक्य उरतेच.

या धंद्याशी वऱ्हाडाचे नाते कापसाचेच आहे, हे सांगितले तर अनेकांना अतिशयोक्ती वाटेल. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने लँकेशायरचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी बडनेऱ्यावरून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मुंबईतल्या तरुण जमशेटजी टाटांनी या कापसाच्या तेजीत आणि १८६५च्या कोसळण्यात आपले हात पोळून घेतले होते. पुढे गिरणी काढायची वेळ आली, तेव्हा सारे मुंबईत काढत असताना त्यांनी नागपूर निवडले. कापूस जिथे पिकतो त्या वऱ्हाड-नागपूरच्या मुलखाजवळ, वरोऱ्याच्या कोळशाजवळ, रेल्वेजवळ. कच्चा माल मुंबईला आणून सूत पुन्हा आत विकायला पाठवण्यापेक्षा गिरणीच मालाकडे न्यावी, हा हिशेब आज कोणत्याही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवण्याजोगा आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. टाटांच्या पुढच्या भांडवलाचा पाया या गिरणीने घातला.

त्यानंतर १९०३. हैदराबादच्या निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांनी घेतलेला वऱ्हाड त्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला, आणि १६ डिसेंबरला अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले. गेट वे ऑफ इंडिया तेव्हा तिथे नव्हता. तो पुरा झाला १९२४ मध्ये. जमशेटजींनी हॉटेलासाठी पैसा स्वतःचा घातला. जर्मनीतून विजेची यंत्रे आणली, अमेरिकेतून पंखे आणले. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा आणि डी. एन. मिर्झा यांचा; काम पुरे केले चेंबर्स नावाच्या इंग्रज अभियंत्याने. वऱ्हाडातल्या बोंडातून निघालेला पैसा सरळ त्या घुमटात गेला असा जमाखर्च कोणी मांडू नये, आम्हीही मांडत नाही. पण तो घुमट ज्या ऐपतीवर उभा राहिला तिच्यात आमच्या काळ्या मातीचाही वाटा होता, इतके म्हणायला हरकत नसावी.

या हॉटेलाविषयी दोन गोष्टी सांगतात. एक सर्वांना ठाऊक आहे: वॉटसन हॉटेलात हिंदी माणूस म्हणून जमशेटजींना प्रवेश नाकारला गेला आणि त्यांनी त्याहून मोठे हॉटेल बांधले. इतिहासकार या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. दुसरी तितकी प्रसिद्ध नाही. बंगलोरला विज्ञानसंस्था काढतोस, पोलादाचा कारखाना काढतोस, आणि आता हा भटारखाना कशाला, असे त्यांच्या बहिणीने वैतागून विचारले म्हणतात. आम्हांस दुसरी कथा अधिक आवडते. ‘भटारखाना’ हा शब्द स्टँडसमोरच्या आमच्या ‘हॉटेला’चा सख्खा भाऊ आहे. पण कंपनीच्या उपयोगी पडली ती पहिली कथा, आणि ते साहजिक आहे. अपमानातून उभी राहिलेली वास्तू म्हटले की खोलीच्या दरात एक भावना मिसळते, जी शेजारच्या नव्या हॉटेलाला कितीही संगमरवर लावून मिळवता येत नाही. या धंद्यात कथा हे भांडवल असते आणि योजनाकारांना ते साहित्याच्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळलेले आहे.

कथेच्या शोधातच या कंपन्या पुढे राजवाड्यांकडे वळल्या. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. प्रचंड वाडे आणि रिकामी तिजोरी अशी राजांची अवस्था झाली. ताजने त्याच सुमारास उदयपूरचा लेक पॅलेस आणि जयपूरचा रामबाग चालवायला घेतला. दुसऱ्याच्या इमारतीवर आपली पद्धत चालवण्याची कल्पना नवी नाही, हे त्यावरून दिसते. वऱ्हाडाला या वाटेने जाता आले नाही, कारण आमच्याकडे राजवाडेच नाहीत. १८५३ पासून आमचा मालक हैदराबादला आणि कारभारी इंग्रज. अचलपूरची नवाबी केव्हाच विझलेली. दोन्ही मालकांना येथून कापूस आणि महसूल न्यायचा होता, येथे राहायचे नव्हते. राहिले ते देशमुखांचे पडके वाडे, जिनांच्या पत्र्याच्या शेड आणि साहेब उन्हाळ्यात जात ते चिखलदरा. एखाद्या मुलखाला ‘हेरिटेज’ नसणे म्हणजे तिथे कोणी ऐश्वर्याने राहिले नाही, इतकेच असते. युरोप-अमेरिकेत व्हिकी बाउम (१९२९) किंवा आर्थर हेली (१९६५) यांनी हॉटेलावर कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या मुलखाची मोठी कादंबरी ‘धग’ (१९६०) आहे, आणि उद्धव शेळके यांच्या त्या कौतिकच्या घरात चूल पेटती ठेवणे हीच योजना असते.

तरीही माणसांना उतरवून घेण्याचे नियोजन वऱ्हाडाला येत नव्हते असे नाही. उलट, महाराष्ट्रात ते सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले ते शेंडगावच्या एका निरक्षर परटाने. गाडगेबाबांना आपण झाडू आणि कीर्तन यांत इतके बंदिस्त करून टाकले आहे, की त्यांचे नियोजन आपल्याला दिसतच नाही. त्यांच्या धर्मशाळांच्या जागा मांडून पाहाव्यात. पूर्णेकाठचे ऋणमोचन, मूर्तिजापूर, पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, आणि १९५४ मध्ये मुंबईला जे. जे. रुग्णालयापाशी. जत्रेचे गाव, रेल्वेचे जंक्शन, वारी आणि तीर्थ, आणि शेवटी रुग्णालय. माणूस घर सोडून नाइलाजाने कुठे जातो, हे ज्याने चाळीस वर्षे पायी फिरून पाहिले त्याने केलेली ही जागांची निवड आहे. गोरगरीब देवासाठी जितके घराबाहेर पडतात तितकेच आता दुखण्यासाठी पडतील, हे १९५४ साली ओळखणे सोपे नव्हते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ‘पाहुणा कोण?’ या प्रश्नाचेच उत्तर होती. ज्यांना इतर कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते त्यांच्यासाठी ती बांधली, आणि १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

पैसा कीर्तनातून आणि देणगीदारांकडून येई, विश्वस्तांच्या हाती जाई. आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर काडीचाही हक्क राहणार नाही याची बाबांनी कसोशीने तजवीज केली. १९५२ मध्ये मिशन स्थापन झाले. स्वतःच्या नावावर एकही वास्तू नाही. ‘ॲसेट-लाइट’ हा शब्द वाचताना आम्हांस प्रथम हेच आठवले आणि आमचे आम्हांलाच हसू आले. दोन्हीकडे मालकी नको हाच आग्रह, दोन्हीकडे पद्धत आणि नाव यांवरच सारा भरवसा. फक्त एका ठिकाणी नावाचे शुल्क होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी बाबांना जवळून पाहून त्यांचे चरित्र लिहिले आहे; व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांनी ते वाचायला हवे, आणि साहित्याच्या मुलांनी निदान एक वार्षिक अहवाल.

या दोन योजना एकाच गावात शेजारी नांदताना आम्ही पाहिल्या आहेत. घरातल्या एका आजारपणात आम्हांस परळच्या टाटा रुग्णालयात महिनाभर खेटे घालावे लागले. हे रुग्णालयही टाटांच्याच विश्वस्तनिधीतून १९४१ मध्ये उभे राहिलेले. आमच्या मावशींसोबत आम्ही उतरलो होतो दादरला, गाडगे महाराजांच्या नावाने, त्यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या धर्मशाळेत. तिथे बुलढाण्याची माणसे होती, बंगाल-बिहारची होती. रात्री उशिरा कोणी आले की आधीची माणसे आपापली वळकटी थोडी सरकवून घेत. तोंडाने कोणी काही बोलत नसे. एका संध्याकाळी मावशींना समुद्र पाहायचा होता म्हणून त्यांना अपोलो बंदरावर नेले. त्यांनी समुद्राकडे पाठ करून बराच वेळ हॉटेलच पाहिले. खिडक्या मोजल्या. यातल्या बहुतेकांत दिवा नाही, असे म्हणाल्या. आम्ही त्यांना तेव्हा रेव्हपार समजावून सांगू शकलो नसतो. आता सांगू शकू, पण मावशी नाहीत.

न्यायाने बोलायचे तर आलिशान हॉटेलाला धर्मशाळेच्या मापाने मोजणे बरोबर नाही. तिथली नोकरी आमच्या मुलांना वेळेवर पगार देते, इस्त्रीचा सदरा देते, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलायला शिकवते. आम्ही तीन वर्षांत हे शिकवू शकत नाही. शिवाय याच घराण्याने २००४ साली बंगलोरला ‘इंडिवन’ नावाने साधे, स्वस्त हॉटेल काढून पाहिले, सी. के. प्रल्हाद यांच्या विचारांचा हात धरून. ते पुढे ‘जिंजर’ झाले. पाहुण्याची व्याख्या योजनेला सैल करता येते याचा तो पुरावा आहे. पण ‘स्वस्त’ हीसुद्धा एक पायरीच असते, आणि तिच्या खालच्या माणसाची गणती कोणत्याच रकान्यात होत नाही.

आता ही योजना आमच्या दाराशी आली आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला. नांदगाव पेठेला सुमारे हजार एकरांच्या वस्त्रोद्योग पार्कचा पाया सप्टेंबर २०२४ मध्ये घातला गेला. कापसाजवळ कारखाना न्यावा, हा जमशेटजींचा दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब आता सरकारी कागदावर आला आहे. विमानातून उतरणारे अधिकारी, खरेदीदार, यंत्रवाले येतील, ते लॉजवर उतरणार नाहीत. अमरावतीत तारांकित हॉटेले हवीत अशी चर्चा वर्तमानपत्रांत सुरू आहे. चिखलदऱ्याचा आराखडा तर सिडकोकडे आहे, आणि तिथल्या गादीवरची चादर कोण बदलणार आणि तिच्यावर कोण झोपणार, हे मेळघाटातल्या कोरकूंना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

यंदा एम.ए.च्या वर्गाला आम्ही एक काम दिले आहे. अमरावतीत एक हॉटेल काढायचे असे धरून त्याची योजना मराठीत लिहा. इंग्रजी शब्द चालतील, पण पहिले पान ‘पाहुणा कोण?’ या मथळ्याखाली असावे. एकवीस जणांनी कागद दिले. सतरा जणांच्या पहिल्या पानावर उद्योजक, पर्यटक, परदेशी पाहुणे आहेत. तिघांनी परीक्षेला येणारी मुले लिहिली. एका मुलीने मेडिकलच्या आवारात रात्री झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी चाळीस खोल्या मांडल्या आहेत, दर दिला आहे, धुलाईचा खर्च काढला आहे, आणि शेवटी बेरीज जुळत नाही म्हणून दोनदा खोडून तिसऱ्यांदा पुन्हा मांडली आहे. तिचा कागद आम्ही अजून तपासलेला नाही.